मंदाकिनीबाईंचा लोड

गुढ़ियारीत मंदाकिनीबाईंच्या इंग्रजीच्या वर्गाला बायका हसतच यायच्या. बाई क्रियापदं फळ्यावर शिकवायच्या नाहीत, लोडावर शिकवायच्या. लोड त्यांच्या नवऱ्याचा, श्यामरावांचा. रेल्वेची ड्यूटी करून आले की ते याच लोडाला टेकायचे, आणि चहा गार निघाला की बाईंना बडवायचे. बावीस वर्षं बडवलं मेल्यानं! सहा वर्षांपूर्वी वारले. लोड राहिला.

"हिट म्हंजे एक," म्हणत बाई लाटण्यानं लोडावर एकच रट्टा हाणायच्या. "भूतकाळातबी हिटच, बदलत नाही. अन् बीट म्हंजे मारतच राहनं." मग धपाधप. कापूस उडायचा. "याचं तिसरं रूप बीटन. आय वॉज बीटन. मले बडवलं. म्हणा!"

बायका पोट धरधरून हसत म्हणायच्या. सोनिया तेवढी हसायची नाही. ती नवीन होती, भनपुरीहून यायची. सोमवारी तिची हॉटेलात रिसेप्शनच्या नोकरीसाठी मुलाखत होती. नोकरी लागली की दोन्ही पोरींना घेऊन ती नवऱ्यापासून वेगळी राहणार होती. ओठ फुटलेला असला तरी वर्ग चुकवत नव्हती.

शुक्रवारी भर वर्गात तिचा नवरा दारात उभा राहिला. नाव सुशील, आईबापांनी काय बघून ठेवलं देव जाणे. चपला न काढता तो आत आला, सोनियाची वेणी धरली आणि तिला फरफटत उंबऱ्यापर्यंत नेलं. तिचं कपाळ चौकटीवर आपटलं, रक्त डोळ्यात उतरलं.

"चल घर! इंग्रजी शिकून मॅडम बनून राहिली काय?"

बाकीच्या बायका भिंतीला चिकटल्या.

मंदाकिनीबाईंनी लाटणं हाणलं. एकदाच, मनगटावर. हाड वाजलं, वेणी सुटली. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण सुशील मागं कोलमडला तो नेमका लोडावर, आणि लोडाला टेकलेला तो माणूस बघून बाईंचं डोकंच फिरलं. खांदा, बरगड्या, तोंड, जिथं बसेल तिथं. त्याचा दात पडला. आधी तो हात जोडत होता, मग हातही उचलेनात.

सोनियानं रक्ताळलेल्या हातांनी लाटणं धरलं. "दीदी, बस करा! मरून जाईन तो!"

"सहा वर्षं झाले," बाई धापा टाकत म्हणाल्या, "मरून काहून नाही राहिला हा?"