भाटव्यांचं शिसं

शिसं नावाचा धातू उभ्या भंडारा जिल्ह्यात कुणाला घाबरत असेल, तर तो फक्त आमच्या भाटव्यांना. भाटवे म्हणजे माझ्या ताईचे यजमान. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. सेवानिवृत्ती कॉलेजला मिळाली, यांना नाही. ते आपल्या गावातून, शहापुरातून, चालू लागले की दुकानांतल्या शिसंवाल्या शेंदराच्या पुड्या आपोआप फळीमागे सरकतात आणि भंडाऱ्यातले कल्हईवाले भट्टी विझवून चहाला जातात. जुन्या रंगातही शिसं असतं, म्हणून पाहुणा खुर्चीत टेकायच्या आत प्रश्न तयार: "तुमच्या खिडकीचा रंग किती जुना?" या प्रश्नापायी एक ठरलेली सोयरीक मोडली असं सांगतात. सांगणारा मीच आहे.

आंबागडच्या एका लग्नात तर त्यांनी जेवणाच्या मांडवात अख्खी मज्जासंस्था उभी केली. ताटकळलेले वऱ्हाडी म्हणजे पुढची पेशी, वरणाच्या बादल्या म्हणजे निरोपाच्या पिशव्या, मांडवाचं दार म्हणजे पेशीचं दार, आणि नवरदेवाचे मामाजी म्हणजे कॅल्शियम. "कॅल्शियम आत आलं का निरोपाच्या पिशव्या फुटतेत आन् निरोप पुढच्या पेशीले जाते," भाटवे गरजले, आणि माझ्याकडे वळले. "साळेबुवा, तुमी शिसं! मामाजीसारखाच फेटा बांधा आन् दारात आडवे व्हा!" झालो. मामाजी बाहेर, वरणाच्या बादल्या आत, निरोप बंद. "आन् कवाकवा हेच शिसं आत घुसून, कोनी बोलावलं नसताना कॅल्शियमच्या नावानं हुकूम सोडते!" लगेच मी आत घुसून माझ्यापुरतं वाढून घेतलं. बाहेर मामाजी ओरडले, "अरे, या शिशाले हटवा न बे, पोटात कावळे बोंबलून राहिले!" इतकं चोख विज्ञान आंबागडच्या किल्ल्यानंसुद्धा कधी पाहिलं नसेल.

घरी त्यांचं युद्ध ताईच्या पितळी गंजाशी, म्हणजे पातेल्याशी. कल्हईत शिसं मिसळलेलं असणार, त्यात चिंचेचं सार शिजलं की नातीच्या मेंदूचं वाटोळं, हा त्यांचा सिद्धांत. नात लेकीची, बालवाडीतली, आजी-आजोबांकडेच राहणारी. अलीकडे ती घडीघडी पोट धरायची आणि दोन-तीनदा हाक मारली तरी वळायची नाही. भाटव्यांनी गंज माळ्यावर फेकला. ताई म्हणाली, "माह्या मायचा गंज हाय तो! तुमच्या डोक्याले कल्हई करा आधी!"

गंज माळ्यावर जाऊन वर्ष होत आलं, पोरीचं पोट दुखायचं थांबेना. तेव्हा भाटव्यांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला दिलं. नमुने नागपूरला गेले. अहवाल येईस्तोवर ते, तुम्ही मानणार नाही, गप्प होते. शेजारचे दोनदा विचारून गेले, सर बरे आहेत ना.

अहवाल आला. शिसं निघालं, नातीच्या रक्तात आणि भाटव्यांच्याही. ताईचं रक्त स्वच्छ. भाटवे कल्हईवाल्यांवर तोफ डागणार, एवढ्यात डॉक्टरांनी विचारलं, "घरात शिशाचं काम कोण करतं?"

"कोनीच नाही!" भाटवे म्हणाले.

ताईनं फक्त त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

तळ्यावर मासे धरायचा त्यांना लहानपणापासून नाद. त्यांच्या बाबांनी विणलेलं जाळं रोज संध्याकाळी ओसरीवर पसरायचं, आणि जाळं बुडावं म्हणून त्याच्या काठाला लावलेल्या गोळ्यांपैकी सुटलेल्या दातांनी चेपून बसवायच्या, जशा त्यांचे बाबा बसवत. गोळ्या शिशाच्या. मांडीपाशी नात त्याच गोळ्यांनी सागरगोटे खेळायची आणि त्याच हातांनी मुरमुरे खायची. साऱ्या जिल्ह्याची घरं तपासणाऱ्या माणसाला हे शिसं कधी शिसं वाटलंच नव्हतं. ते बाबांचं जाळं होतं.

जाळं त्याच दिवशी गेलं. ओसरी पाण्यानं पुसून काढली. पोरीच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरतं आहे. मेंदूचं मात्र डॉक्टर शब्द देत नाहीत, पाहत राहू म्हणतात.

आता भाटवे नातीला घेऊन रिकाम्या हातांनी तळ्यावर जातात. मागच्या खेपेला मीही होतो. ती पाण्याकडे तोंड करून बसली होती. भाटव्यांनी मागून एकदाच, अगदी हळू हाक मारली, आणि थांबले.

"काय जी, आबाजी?" ती वळली.

"काही नाही वं," ते म्हणाले, आणि बराच वेळ मला त्यांचं तोंड दिसू दिलं नाही.