एक सेंटिमीटर

अल्लीपूरची आचल मडावी वर्ध्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. दोन वर्षं ती रोज पहाटे पाचला उठून कॉलेजच्या मैदानावर पळायची. पोलीस भरतीसाठी. आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. उंचीची तिला काळजी नव्हती. मैदानावर सराव घेणाऱ्या सरांच्या टेपवर ती बरोबर एकशे पंचावन्न सेंटिमीटर भरायची आणि तेवढीच लागत होती.

भरतीच्या मैदानावर सगळ्यात आधी उंची घेतली. अनवाणी, टाचा पट्टीला चिकटवून.

"एकशे चोपन्न," मोजणारी बाई म्हणाली.

आचलने पुन्हा मोजायला सांगितलं. बाईने मोजलं. तेवढंच. पळायची वेळच आली नाही. तिने सही केली, बूट घातले आणि बसस्टँडवर येऊन समोसा खाल्ला. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही.

तिच्या बाबांचा, तानबांचा, फोन आला. "जेवली का?"

"हो."

"मंग ठीक हाय." त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाचला ती उठली आणि मैदानावर गेली. तिसऱ्या दिवशीही. सोबतच्या मुलींनी आधी कारण विचारलं, मग विचारणंही सोडलं. त्या आठवड्यात तिने आठशे मीटर दोन मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांत मारलं. एवढ्या कमी वेळात ती आधी कधीच आली नव्हती. सरांनी घड्याळ दाखवलं. ती "हं" म्हणाली आणि पाणी प्यायली.

सेलूची रुचिका शारीरिक शिक्षणात एम.ए. करत होती. विद्यार्थी व्यायाम का करतात, यावर तिचा प्रबंध होता. एका सकाळी ती फॉर्म घेऊन आचलजवळ बसली.

"तब्येत, वजन, भरती, मैत्रिणी. तुझं कारण काय लिहू?"

"भरती नाई आता."

"मंग काऊन पळून राह्यली?"

आचलने बराच विचार केला. खोटं सांगावं असं तिला वाटलं नाही. "पाच वाजले का जाग येते. मंग पळते."

"बरं वाटते का पळून?"

"नाई. वाईटबी नाई वाटत."

रुचिकाने पेन थांबवलं. "याले रकानाच नाई व माह्याकडे." मग तिने 'इतर'वर खूण केली आणि पुढची ओळ कोरी ठेवली. उठताना तिने आचलच्या खांद्यावर हात ठेवला. आचलला तो हात ओझ्यासारखा वाटला, पण तिने खांदा काढून घेतला नाही.

दिवाळीत ती गावी गेली. पहिल्याच पहाटे ती बुटांची नाडी बांधत होती, तेव्हा आई, धुरपताबाई, चुलीपुढे बसली होती. आता कशाला, असं आई विचारेल म्हणून आचल थोडी थांबली.

"वापस येशीन तं दूध घेऊन येजो," आई म्हणाली.

"किती?"

"अर्धा लिटर."

आचल हिंगणघाटच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. ती पळत राहिली.