आईची साक्ष

तंजावुरात आमच्या मराठी घरांत लग्न ठरलं, की मंगळसूत्राची पोत ओवायला एका बाईला बोलावणं जाई. ती देवळातली. लहानपणीच तिचं देवाशी लग्न लावलेलं, आणि देव काही मरत नाही, म्हणून तिचं कुंकू कधी पुसायचं नाही. तिच्या हातची पोत नवरीला लाभते, अशी सगळ्यांची खात्री. ओवून झालं की मागच्या दारी तिचं पान वाढायचं, ओटी भरायची, आणि पुढच्या लग्नापर्यंत तिला खुशाल विसरून जायचं.

देवाला मुली वाहण्याची चाल सरकारने बंद केली तेव्हा ती तिशीला आलेली होती. देवळातलं नाचणं गेलं, त्याबरोबर मिळणारं धान्य गेलं, आणि तिच्याशी लग्न कोण करणार? पोटासाठी ती धंदा करू लागली. मी हे सरळ सांगते आहे, कारण आमच्या गल्लीत ते कुणी कधी सरळ सांगितलं नाही आणि त्याचा मला अजून संताप येतो.

मग पन्नासच्या दशकाच्या अखेरीस धंदा करणाऱ्या बायकांबद्दल नवा कायदा आला. देवळाजवळ असल्या बायका नकोत, असा अर्ज गल्लीतल्या प्रतिष्ठितांनी दिला. त्यातले दोघे तिच्याकडे जात, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. त्यांना कुणी काही विचारलं नाही. तिला मात्र शहराबाहेर घालवायचं म्हणून कोर्टात उभं केलं. माझे वडील वकील. त्यांनी तिचं काम फुकट घेतलं. कायदा म्हणे बायकांना वाचवायला केला आणि वरवंटा फिरवला तो बायकांवरच, असं ते जेवताना तावातावाने बोलत. तिचं राहतं घर सुटता कामा नये, एवढाच त्यांचा हट्ट होता.

जिला सोवळी घरं लग्नाला बोलावतात, ती गावाला कलंक कशी, असं ते कोर्टाला विचारणार होते. त्यासाठी साक्षीदार हवेत म्हणून त्यांनी गल्ली पालथी घातली. लग्नात तिच्या पुढेपुढे करणाऱ्यांना नेमका आत्ताच ताप आला. शेवटी आई उठली. "मी येतें. माझी पोत तिनेंच ओवली की."

आई एकटी कधी बाहेर पडली नव्हती, म्हणून मीही गेले. मॅजिस्ट्रेट तमिळमध्ये अदबीने विचारत होते. लग्नाला हिलाच का बोलावता? आई खुलून सांगू लागली. ती देवाची, लहानपणी वाहिलेली, तिला वैधव्य नाही. अजूनही तशीच राहते, तेच कुंकू, तोच देव. तिला केवढा मान आहे, तेच आई सांगत होती. वडिलांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे बंद झालेली चाल हिने सोडलेली नाही," मॅजिस्ट्रेट म्हणाले. सरकारी वकिलाला पुढे फारसं बोलावंच लागलं नाही. देवाला वाहिलेली बाई म्हणजे काय, हे तिथे बसलेला प्रत्येक पुरुष जाणून होता. तिला शहर सोडण्याचा हुकूम झाला.

जायच्या सकाळी ती मागच्या दारी आली. आई रडत होती. "तुझ्याचसाठीं बोललें गे मी."

"ठाऊक आहे, अक्का." तिचं मराठी आमच्यासारख्या घरांतच शिकलेलं होतं.

वडील बाहेर आले. "जाल तिथं देवाचं कुणालाच सांगूं नका. सांगितलं तर हाच खटला परत उभा राहील."

 ती म्हणाली, "नाही सांगत, अण्णा. पण देवाचं काढून टाकलं, तर मी उरतें ती तेवढीच. पैशासाठी दार उघडणारी."

 वडिलांनी तिची ट्रंक उचलली आणि बसपर्यंत पोचवली. अशा बाईचं काम त्यांनी पुन्हा घेतलं नाही.