दामूने घेतलेला विषय

दामू गेल्याचा निरोप कारखान्याच्या गेटवर आला तेव्हा मी खोपोलीत पहिल्या पाळीवर होतो. तसाच उठून आमच्या गावी, लोधिवलीला गेलो. त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेतली मुलं, त्यांचे आईबाप, कर्जतहून आलेले मास्तर... सगळी रडत होती. आणि माझ्या मनात आलं, मी गेल्यावर एवढी माणसं येतील का? आज महिना उलटून गेलाय, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. दामोदर माझा सगळ्यात जुना मित्र, आणि आयुष्यभर मी त्याच्यावर जळत आलो.

आम्ही एकाच आळीतले. मॅट्रिक झाल्यावर दोघांनी पुण्याचं कॉलेज गाठलं, एकाच खोलीत राहिलो. पहिल्या वर्षाला तर्कशास्त्राचा पेपर होता. त्यात मला दामूपेक्षा जास्त मार्क पडले, हे आजही सांगावंसं वाटतं. सर म्हणाले, "तुम्ही दोघंही पुढे तत्त्वज्ञान घ्या." खोलीवर पोचेपर्यंत आमचे पाय जमिनीवर नव्हते. सुट्टीत मी घरी विषय काढला. वडील कारकून होते. वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "अर्थशास्त्र घे." मी "बरं" म्हणालो. एक शब्द जास्त बोललो नाही. दामूने घरी विचारलंच नाही. फॉर्मवर मोठ्या अक्षरांत 'तत्त्वज्ञान' लिहिलं, सही केली आणि शाई वाळावी म्हणून कागद खिडकीत धरून उभा राहिला. त्याचा तो निर्धास्त चेहरा मला बघवला नाही.

दिवाळीत गावी आलो तेव्हा त्याचे वडील, तात्या, खळ्यावर भाताची झोडणी करत होते. मी एकटाच त्यांच्याकडे गेलो. म्हणालो, "तात्या, दामूच्या विषयाला कुठं नोकरी नाही. तो शिकून पोरं वेडी होतात." अगदी काळजीच्या सुरात सांगितलं. कॉलेज सुरू होऊन चार दिवस झाले असतील, तात्या एस.टी.ने घाट चढून थेट कॉलेजात हजर. धुतलेलं धोतर, हातात पोह्यांची पिशवी. तत्त्वज्ञानाच्या वर्गात विद्यार्थी तीनच. सरांनी त्यांना मागच्या बाकावर बसवलं. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. आपण पाहत नसतो तेव्हा वस्तू असते की नसते, असं काहीतरी चाललं होतं. तास संपल्यावर तात्या म्हणाले, "मास्तर, मी शेत सोडून हितं आलो, तवापासून भात हाय का नाय, ह्योच घोर लागलाय मला."

सर मोठ्यांदा हसले.

"पन ह्ये शिकून पोरगं करंल काय?"

"विचार करील."

"त्यो तर आत्तापन करतो. नेमका कामाच्या येळी."

बाहेर आल्यावर तात्यांनी दामूच्या समोरच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुधाकर, तू म्हनलास तसं काय नाय रं. मास्तर चांगला मानूस हाय. शिकू दे ह्याला." दामूने माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे बघत राहिलो. त्यानंतर त्याने तो विषय कधीही काढला नाही... काढला असता तर बरं झालं असतं.

बी.ए. झाल्यावर तत्त्वज्ञान शिकवण्याची जागा त्याला कुठंच मिळाली नाही. गावाजवळच्या शाळेत तो मराठी आणि इतिहास शिकवू लागला. मी तोवर कारखान्याच्या ऑफिसात चिकटलो होतो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. एका लग्नाच्या पंगतीत मी मुद्दाम विचारलं, "काय रे, काय उपयोग झाला तुझ्या तत्त्वज्ञानाचा?" तो जेवायचा थांबला. खरंच विचार करू लागला. मग म्हणाला, "उपयोगाचं सांगता येत नाय रं. पण मला कधी कंटाळा आला नाय." मला तेव्हा रोज कंटाळा येत होता. त्या उत्तराचा इतका राग आला, की वर्षभर त्याच्या घराकडे फिरकलो नाही.

गेल्या आठवड्यात दामूच्या घरी वहिनींनी बोलावून घेतलं. त्यांनी पत्र्याची ट्रंक उघडली. आत कॉलेजच्या टिपणांचे दोन गठ्ठे होते. एक पेन्सिलीने लिहिलेला, दुसरा त्याच पानांचा, कार्बन घालून काढलेला. दोन वर्षांचा एकूण एक तास.

"भावजी, हा निळा गठ्ठा तुमचा," वहिनी म्हणाल्या. "'सुधाला हाच विषय घ्यायचा होता,' हे म्हणायचे. 'मागेल तेव्हा देईन.'"

मी कधी मागितला नव्हता.

आता पाळी संपवून घरी आलो, की दुपारी एक पान वाचतो. परवा एका पानाच्या समासात शाईने लिहिलेली ओळ दिसली. 'इथे सुधा भांडेल.' फक्त माझ्या प्रतीवर. मी भांडलो. चांगला मोठ्या आवाजात भांडलो, बायको स्वयंपाकघरातून येऊन बघून गेली. माझाच मुद्दा बरोबर होता, असं अजूनही वाटतं. पण त्यावर दामू काय म्हणाला असता, ते त्या गठ्ठ्यात कुठंच लिहिलेलं नाही.