मालकाचा रकाना

अनीसचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या बसस्थानकाबाहेर सिद्धेश्वरच्या कालव्याच्या पाण्याबद्दलची पत्रकं वाटत होते. फोनवर अब्बा होते. आमच्या घरात वडिलांना अण्णा किंवा बाबा म्हणायची पद्धत, पण चाचांच्या घरी वाढल्यासारखी वाढल्यानं मी अब्बा म्हणायला लागले, ते तसंच राहिलं. ते एवढंच म्हणाले, "अनीस गेला. दुकानातच." मी बरं म्हणाले आणि उरलेली पत्रकं वाटून संपवली. एका बाईनं पत्रक उलटंपालटं करून विचारलं, "हे कशाचं हाय माय?" मी तिला नेहमीसारखं सगळं समजावून सांगितलं. त्यानंतर सेनगावची जीप पकडली. रस्त्यात सोयाबीनची कापणी चालली होती. मला काही वाटत नव्हतं. आता दीड महिना झाला, अजूनही फारसं वाटत नाही... म्हणून जे आठवतं ते लिहून काढते आहे.

चाचांचं दुकान सेनगावच्या स्टँडसमोर, दोन माणसं उभी राहिली की भरून जाणारं. कॅसेटी होत्या, मग सीड्या आल्या, मग लोक बोटाच्या नखाएवढं मेमरी कार्ड काढून म्हणायला लागले, "चाचा, भरून द्या." कशानं भरायचं ते कुणी सांगत नसे. चाचा माणूस बघून भरायचे. ट्रॅक्टरवाल्याला वेगळं, नव्या नवरीला वेगळं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याला वेगळं. अब्बांच्या मोर्च्यांच्या घोषणासुद्धा तेच रिक्षावर लावून द्यायचे, आणि दोन घोषणांच्या मध्ये गाणं टाकायचे. अब्बा चिडायचे. चाचा म्हणायचे, "मास्तर, नुसत्या घोषणा कोण ऐकतंय? जरा पाणी तर पिऊ द्या लोकांना."

मी घड्या घालायला शिकले ती पत्रकांच्या. अब्बांचा एक नियम होता, पत्रकाखाली नाव पाहिजे. ज्याच्याखाली नाव नाही ती अफवा. हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आले. चाचांना हा नियम पाठ होता आणि ते त्यावरून आम्हा बापलेकींना चिडवायचे.

मग गाण्यांच्या कंपन्या कोर्टात गेल्याच्या बातम्या यायला लागल्या. कुठल्या तरी संकेतस्थळावर खटला, कुठल्या तरी दुकानावर छापा. परभणीकडच्या एका दुकानदाराचा कॉम्प्युटर पोलिसांनी उचलून नेला असं कळलं. चाचांनी एका दुपारी शटर अर्धं ओढलं आणि सिनेमाची सगळी गाणी पुसून टाकली. मी भांडले. गरिबानं ऐकलेल्या गाण्यानं कंपनीचं काय बिघडतं, असं बरंच बोलले. चाचा माऊस फिरवत म्हणाले, "ते दुसऱ्याचं होतं बेटा. आपण इतके दिवस वाटलं, ते बी दुसऱ्याचंच होतं." त्यांच्या बोलण्यात ना पश्चात्ताप होता ना भीती. दुकान झाडतात तसं ते झाडत होते.

रिकाम्या झालेल्या कॉम्प्युटरमध्ये मग त्यांनी आपल्याकडची गाणी गोळा करायला घेतली. नरसीच्या पलीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या सुंदरामावशी हळदीची गाणी म्हणायच्या. पाच कोसांत कुठंही लग्न असलं की त्यांना जीप पाठवून न्यायचे. चाचा आणि मी त्यांच्या ओसरीवर गेलो. आवाज येतो म्हणून पंखा बंद केला, शेळी मागच्या दारी नेऊन बांधली. मावशींनी पदर डोक्यावर घेतला, मशीनकडं संशयानं बघितलं आणि विचारलं, "हे माझा आवाज घेऊन जाईल, मंग मला कायी राहील का न्हाई?" चाचा म्हणाले, "दुप्पट होईल मावशी, म्हणा तुमी." गाणी इंटरनेटवर, चाचांनी उघडलेल्या चॅनलवर चढली. मावशींची लेक सुनीता जिंतूरकडं दिलेली, ती तिकडं फोनवर ऐकायची, जावांना ऐकवायची. चाचांच्या चॅनलला हळूहळू बाहेरगावचे लोक यायला लागले. मुंबई-पुण्याला गेलेले, हळदीच्या गाण्यासाठी भुकेलेले.

पुढच्याच लग्नसराईत एका कंपनीनं तेच हळदीचं गाणं बाजारात आणलं. चाल तीच, शब्द तेच, खाली ढोलाचा दणका. आणि चाचांना चॅनलवर सूचना आली की मावशींचं गाणं कंपनीच्या मालकीचं आहे. मग दुसऱ्या गाण्यावर आली. मग तिसऱ्या.

मला लढाई मिळाली होती. मी सगळं वाचून काढलं. हरकत घेता येत होती. एक अर्ज भरायचा, त्यात मालकाचा रकाना, तिथं चाचांचं नाव, आणि खाली एक खूण: हे माझं आहे. कायद्यानंसुद्धा ते ध्वनिमुद्रण चाचांचंच होतं, त्यात लबाडी नव्हती. मी म्हणाले, "नाव टाका चाचा. खाली नाव पाहिजे."

"माझं?"

"मग कुणाचं?"

"गायलं तिनं. मी निस्ती मशीन धरली." ते हसले. "एक मालिक झाला, त्याला काढायला मी दुसरा होऊ का?"

"नाही टाकलं तर सगळं जाईल."

"मंग ज्याचं हाय त्याचं टाकू की. इचारून येऊ."

आणि खरंच ते मोटारसायकल काढून मावशींकडं गेले, मला मागं बसवून. मावशी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. चाचांनी विचारलं, हे गाणं कुणाचं. मावशी म्हणाल्या, सासूचं. सासूला कुणी शिकवलं? "तिच्या थोरल्या जावंनं. ती मोठ्या वाडीची. तिच्या वाडीत समद्याच म्हणायच्या." मग मावशींनी सोललेले दाणे सुपात सारले आणि म्हणाल्या, "काहून? त्या बायांना बी कोर्टात नेऊन राहिले का आता?"

चाचांनी मालकाच्या रकान्यात तेच लिहिलं. सुंदराबाई, त्यांची सासू, सासूची थोरली जाऊ, आणि वाडीच्या समद्या बाया. मी शेजारी उभी राहून सांगत होते की असं चालत नाही, तिकडं अर्ज माणूस नाही, यंत्र तपासतं, ते हे वाचणार नाही. त्यांनी बरोबर स्पेलिंग विचारून विचारून लिहिलं. उत्तर आलं: माहिती अपुरी. तिन्ही गाण्यांवरचे दावे तसेच राहिले आणि थोड्या दिवसांनी चॅनल बंद झालं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. आजही मला वाटतं की नाव टाकायला हवं होतं. आजही मला चाचांचं म्हणणं खोडता येत नाही.

सुंदरामावशी त्यानंतर पावसाळ्यात गेल्या. सुनीतानं फोनवर आईचा आवाज शोधला तर कंपनीचं गाणं लागत राहिलं. तिनं चाचांना फोन केला. चाचा म्हणाले, "माझ्याकडं हाय. ये, भरून देतो." ती येणार तोवर चाचाच गेले. मी स्वतः इंटरनेटवर मावशींचं गाणं पुष्कळ शोधलं. तीच चाल, हजार ठिकाणी. मावशी कुठंच नाहीत.

गेल्या मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, चाचींनी शटर उघडलं. मला म्हणाल्या, "कॉम्प्युटर मला जमत न्हाई, तू बस." चाचांची खुर्ची तिथंच होती, बसकण दबलेली. मी बसले. दुपारी सुनीता आली, कडेवर लेकरू, हातात कार्ड. मी गाणं लावलं. मध्येच मावशी एका ओळीवर अडकतात. आणि तिथं चाचा हसतात, अगदी स्पष्ट, आणि मावशी म्हणतात, हसू नका, आठवून राहिले... मी हात पुढं केला, सवयीनं. तेवढा तुकडा कापला असता तर गाणं स्वच्छ झालं असतं.

"ते काढू नका ताई," सुनीता म्हणाली. "कंपनीच्यात ते न्हाई."

मी हात मागं घेतला. लेकरू पडद्याकडं बघत होतं. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बाहेर अजून दोघी कार्ड घेऊन उभ्या होत्या. एकीनं विचारलं, हळदीचं जुनं हाय का, नरसीकडचं. मी हो म्हणाले.

चाचींनी मागून विचारलं, "भरलं का गं?"

"भरून राहिलंय," मी म्हणाले.