लांब ट्रीनच्या झग्यात यंदा दुसरंच कुणी

त्या दिवशी ओडीलला एका जागी उभं राहवेल तर शपथ! आमच्या लिंडेबेके गावात बाहेरचे लोक येतात ते शांततेसाठी, आणि हा बाबा त्यांना असा पळवत होता की जणू मागे कुत्रं लागलंय.

"हे चर्च. हा घंटेचा मनोरा. चला!"

"अहो, आत नाही का जायचं?" गेंटहून आलेल्या एका बाईंनी विचारलं.

"आत गार आहे. चला!"

बेगीन, म्हणजे लग्न न करता देवधर्मात एकत्र राहणाऱ्या बायकांच्या, जुन्या आवारात मंडळी पांढऱ्या भिंतीशी जरा टेकली, तर हा दारात येरझाऱ्या घालतोय. कान सगळे बाजाराकडे, ढोल वाजला का ते ऐकायला.

वाजणारच होता. मिरवणुकीचा रविवार होता. दुमजली घराएवढी आमची बाहुली, लांब ट्रीन, वेताच्या सांगाड्याची, घेरदार झग्याची, त्या दिवशी गावभर नाचत निघते. इतकी वर्षं त्या झग्यात शिरून तिला खांद्यावर नाचवली ती ओडीलनं. यंदा गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टर नको म्हणाले. बायको, रोझेलीन, तर कडाडलीच, "आत शिरलास तर तिकडेच राहा, घरी यायचं नाही!" मग कमिटीनं बेकरीतल्या लीवेला उभं केलं आणि ओडीलच्या हाती पाहुणे सोपवले. म्हणे, तेवढाच जीव रमेल. डोंबलाचा रमतोय! त्याच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: ट्रीन पडली पाहिजे. निदान अडखळली तरी पाहिजे. स्वतःचीच लाज वाटत होती त्याला, पण किडा काही जात नव्हता.

ढोल वाजला. पाहुण्यांना तिथेच टाकून ओडील लंगडत लंगडत पुलाकडे धावला. पुलाच्या चढावरचं वळण महाकठीण. तिथे दरवर्षी त्याचाही तोल जायचा.

ट्रीन आली. चढली. वळली. आणि वळता वळता तिनं अशी गिरकी घेतली की झगा छत्रीसारखा फुलला. अख्खा पूल ओरडला. 

पुलाजवळच्या खिडकीत मेलानी आजी बसते. नव्वदीची, दिसतं बेताचंच. ती ट्रीनकडे बघून ओरडली, "ओडील! जीव ओतलास रे आज! असा कधी नाचला नव्हतास!"

ओडील तिच्या खिडकीखालीच उभा होता. गप्प बसला असता तर कुणाचं काय जात होतं? आजीनं वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगितलं असतं.  पण तो साऱ्या पुलाला ऐकू जाईल असा ओरडला, "आजी, मी इथं खाली आहे! आत लीवे आहे, लीवे!"

आजीनं खाली वाकून, डोळे बारीक करून त्याला न्याहाळलं.

"अस्सं? मग इतकी वर्षं तू आत काय झोपा काढत होतास?"

पूल हसला. ओडीलही हसला, आणि हसता हसता तिथेच कठड्यावर बसून लहान पोरासारखा रडला.