ताइफच्या खालाचा पाच

चिपळूणहून निघाले तेव्हा आई रिक्षापर्यंत आली आणि एवढंच म्हणाली, "तिकडचे पैसे नीट ओळखायला शीक. कुणी फसवायला नको." मला हसू आलं. बँकेच्या आयटीत नोकरीला चाललेली मी, मला कोण फसवणार?

रियाधमध्ये पहिले काही महिने तसंच वाटलं. ओलाया भागातल्या ऑफिसखाली कॉफी घ्या नाहीतर टॅक्सी करा, कार्ड टेकवलं की खलास. रियालची नोट हातात आलीच, तर तिच्या एका बाजूला इंग्रजी आकडे असतातच. अरबी बाजूकडे मी नुसती कुतूहलाने बघायचे.

मग गुलाबांच्या दिवसांत ऑफिसातल्या नीताबरोबर ताइफला गेले. डोंगरावर हवा इतकी गार की स्वेटर घालावा लागला. एका मळ्याबाहेर एक म्हातारी बाई गुलाबपाणी विकत होती. पुठ्ठ्यावर हाताने किंमत लिहिलेली. एक उभी रेघ, तिच्यापुढे छोटा गोल. म्हणजे दहा. मी दहाची नोट दिली आणि बाटली उचलली.

"खमसताशर," ती म्हणाली.

नीताला थोडं अरबी येतं. "पंधरा म्हणतेय गं."

आईचं बोलणं आठवलं आणि माझा आवाज चढला. "इथे चक्क दहा लिहिलंय! परदेशी बघून भाव वाढवते!"

मराठी तिला कळली नसेल, पण सूर कळला. चेहरा उतरला तिचा. मला वाटलं, आता बाटली हिसकावून घेईल. तिने टोपलीतल्या कळ्या घेतल्या आणि त्या गोलाखाली एकेक मांडत गेली. पाच. मग शेजारी पेनाने एक ठिपका काढला आणि रिकामा तळवा माझ्यापुढे धरला.

त्यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपण ज्याला शून्य म्हणतो, तो त्यांचा पाच!

कान तापले माझे. "सॉरी, खाला," म्हणत पाच रियाल पुढे केले. खाला म्हणजे तिकडेही मावशीच. ती हसली, आणि उरलेले आकडेही शिकवूनच तिने मला सोडलं.

संध्याकाळी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "माझ्या बोलण्यापायी त्या बाईला चोर ठरवलंस होय? पुढच्या वर्षी जाशील तेव्हा हात हलवत जाऊ नकोस."

पुढच्या वर्षी आमसुलं नेली. खालाने एक तोंडात टाकलं, डोळे घट्ट मिटले, आणि लगेच दुसरं उचललं. मग मला शेजारी सावलीत बसवून घेतलं. गिऱ्हाईक आलं की किंमत मी सांगायची, असा तिचा हुकूम.

घरची आठवण येते का, असं मी गावी आले की तुम्ही सगळे विचारता. येते. पण हल्ली चिपळूणहून निघताना आई आमसुलांच्या दोन पुड्या बांधते. एक माझी. दुसरीवर ती पेनाने लिहिते, 'आमच्या खालासाठी'.